भिंतींचा स्वभाव

(वास्तुकलेच्या विद्यार्थ्यांसाठी भरलेल्या अभ्यासवर्गातील व्याख्यानाचा हा संपादित मजकूर.)



गिरगावातील जुनी चाळ ज्याने पाहिली आहे, त्याला तिची रचना वेगळी समजावून सांगावी लागत नाही. एका ओळीत खोल्या, खोल्यांसमोरून जाणारा सामाईक सज्जा, टोकाला जिना आणि मध्ये चौक. सज्ज्यात उभे राहिले की समोरच्या बिर्‍हाडाचे दार दिसते. कोणाकडे पाहुणा आला, कोणाचे मूल तापाने फणफणले, कोणाच्या घरी आज चूल पेटली नाही, हे न सांगता सर्वांना कळते. मुंबईतील सार्वजनिक गणेशोत्सवाचा प्रारंभ १८९३ मध्ये गिरगावच्या केशवजी नाईक यांच्या चाळीत झाला, हा निव्वळ योगायोग मानता येणार नाही. माणसे एकमेकांना दिसत होती, म्हणून ती एकत्र येऊ शकली.

आता दुसर्‍या एका चाळीकडे वळू. अंदमानच्या सेल्युलर जेलमधील इमारतींना स्वातंत्र्यवीर सावरकर ‘माझी जन्मठेप’मध्ये ‘चाळ’ असेच म्हणतात. तेथेही एका ओळीत खोल्या होत्या, खोल्यांसमोरून सज्जा होता आणि तीन मजले होते. गिरगावच्या चाळीत जे जे होते, ते बहुतेक सर्व तेथे होते. बदल एकच होता. एका चाळीचे तोंड दुसर्‍या चाळीच्या पाठीकडे केलेले होते. कोठडीच्या गजांतून समोर पाहणार्‍या बंदिवानाला दुसर्‍या माणसाचा चेहरा दिसत नसे. दिसे ती पुढच्या चाळीची आंधळी पाठ. तेच घटक, तीच वीट, तोच चुना. पण मांडणी बदलताच शेजार नाहीसा झाला आणि एकांत उभा राहिला.

वास्तू मुकी असते असे आपण समजतो. वस्तुतः ती आयुष्यभर बोलत असते. कोणी कोठे उभे राहावे, कोणाला पाहावे, कोणापुढे वाकावे, हे ती दररोज सांगत असते, आणि तिचा आवाज कानांना ऐकू येत नसल्यामुळे तिच्याशी वाद घालण्याचे कोणाला सुचत नाही. राज्यसत्तेला हे फार पूर्वीच उमगले आहे.

अविश्वासाचा आराखडा

या विद्येचा आधुनिक आचार्य म्हणून जेरेमी बेंथॅम या इंग्रज विचारवंताचे नाव घेतले जाते. त्याचा भाऊ सॅम्युएल रशियात पोटेम्किन या सरदाराच्या जहागिरीवर अभियंता होता. कामगारांवर देखरेख ठेवण्यासाठी त्याने एका वर्तुळाकार कार्यशाळेची कल्पना केली. जेरेमीने १७८७ मध्ये तीच कल्पना तुरुंगासाठी विस्ताराने मांडली आणि १७९१ मध्ये ती ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली. मध्यभागी मनोरा, सभोवती वर्तुळात कोठड्या. मनोर्‍यातील पहारेकर्‍याला प्रत्येक बंदी दिसावा, पण बंद्याला पहारेकरी दिसू नये. मग पहारेकरी प्रत्यक्ष तेथे असला काय आणि नसला काय, आपल्यावर नजर आहे असे समजून बंदी स्वतःच स्वतःचा पहारा करू लागतो. फ्रेंच विचारवंत मिशेल फुको याने १९७५ च्या आपल्या ग्रंथात या आराखड्याकडे पुन्हा जगाचे लक्ष वेधले. शाळा, कारखाना, रुग्णालय आणि बराक या सर्वांत हीच नजर कशी शिरली, हे त्याने दाखवले.

याच्या जोडीला दुसरी एक कल्पना आली, एकांताची. अमेरिकेतील फिलाडेल्फिया येथे १८२९ मध्ये सुरू झालेल्या कारागृहात मध्यबिंदूपासून चाकाच्या आर्‍यांसारख्या सात इमारती निघाल्या होत्या. ते उभारणार्‍यांचा हेतू वरकरणी दयेचा होता. माणूस एकटा राहिला की त्याला पश्चात्ताप होईल आणि तो सुधारेल, असे त्यांना वाटत होते. १८४२ मध्ये लंडनमध्ये पेंटनव्हिल कारागृह याच धर्तीवर सुरू झाले. तेथे बंद्याला कोठडीबाहेर नेताना त्याचा चेहरा झाकत. सुधारणेच्या नावाने उभ्या राहिलेल्या या रचनेने अनेकांची मने पार मोडली. चांगल्या हेतूने काढलेला आराखडासुद्धा माणसाला चिरडू शकतो, ही वास्तुविशारदाने मनात कोरून ठेवावी अशी गोष्ट आहे.

अंदमानात इंग्रजांनी १८५७ च्या स्वातंत्र्यसमरानंतर लगेच, म्हणजे १८५८ मध्ये, कैद्यांची वसाहत वसवली होती. १८९० मध्ये लायल आणि लेथब्रिज हे दोन अधिकारी तिची पाहणी करण्यास आले. शिक्षेचा धाक पुरेसा राहिलेला नाही, म्हणून प्रत्येक नव्या बंद्याला आरंभीचा काही काळ अधिक कठोर अवस्थेतून नेले पाहिजे, असा अभिप्राय त्यांनी दिला. त्या अभिप्रायाला विटांचे रूप आले ते सेल्युलर जेलच्या रूपाने. १८९६ मध्ये काम सुरू झाले आणि १९०६ मध्ये संपले. मध्यवर्ती मनोरा, त्यापासून निघालेल्या तीन मजली सात चाळी आणि त्यांत सुमारे सातशे कोठड्या. सामुदायिक बराक एकही नाही. ‘सेल्युलर’ हे नाव त्यावरूनच पडले. ज्यांनी ही वास्तू बांधली, ते मजूर त्याच वसाहतीतील बंदी होते. आपल्या कोठडीची भिंत आपल्याच हातांनी चढवण्याची पाळी त्यांच्यावर आली.

कडीचे स्थान

या इमारतीतील दडपशाही समजून घ्यायची असेल तर फाशीघरापूर्वी एका साध्या कडीकडे पाहिले पाहिजे. कोठडीच्या दाराची लांब लोखंडी कडी दारावरच संपत नाही. ती बाजूच्या भिंतीत, दारापासून हातभर दूर कोरलेल्या कोनाड्यात जाऊन बसते आणि तेथे कुलूप पडते. गजांतून हात बाहेर काढून बंद्याने कितीही ताणला, तरी कुलपाला बोट लागत नाही. कोणी तरी कागदावर माणसाच्या हाताची लांबी मोजली असेल आणि तिच्यापुढे थोडे अंतर ठेवून तो कोनाडा आखला असेल. त्या आखणार्‍याच्या हातात चाबूक नव्हता. पट्टी आणि पेन्सिल होती.

कोठडी साडेतेरा फूट लांब आणि सुमारे सात फूट रुंद. मागच्या भिंतीत जमिनीपासून दहा फुटांवर एक झरोका. उजेड येईल, पण समुद्र दिसणार नाही, अशी ती उंची. बेट चहूबाजूंनी समुद्राने वेढलेले, पण बंद्याच्या नजरेला त्याचा तुकडाही मिळू नये, एवढी काळजी घेतलेली. रात्री कोठडीत शौचाची सोय नव्हती, एक मडके तेवढे असे. ठरलेल्या वेळेखेरीज निसर्गधर्मासाठी दार उघडले जात नसे. आराखड्यात एक मोरी न काढल्यामुळे माणसाचा स्वाभिमान दररोज, कोणीही हात न उगारता, मोडला जात होता. नित्याची दडपशाही म्हणतात ती हीच. तिच्यासाठी क्रूर माणसाची गरज नसते. केवळ एक सोय मुद्दाम वगळलेली असली की पुरते.

क्रूर माणसेही तेथे होतीच. जेलर बारीचे नाव महाराष्ट्राला ठाऊक आहे. कोलूला जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढण्याचे काम, बंद्यांतूनच नेमलेले वॉर्डर आणि जमादार, गळ्यातील बिल्ला हे सारे त्या रचनेचेच भाग होते. सावरकरांच्या बिल्ल्यावर सुटकेचे वर्ष लिहिलेले होते १९६०. पन्नास वर्षे अंतरावरील तो आकडा प्रत्येक सकाळी डोळ्यांसमोर राहावा, हीसुद्धा एक रचनाच होती. ४ जुलै १९११ रोजी सावरकर तेथे पोहोचले तेव्हा त्यांचे ज्येष्ठ बंधू बाबाराव त्याच कारागृहात होते. एका छपराखाली असलेल्या दोन भावांना एकमेकांपासून दूर ठेवण्यास वेगळा पहारा लागला नाही. ते काम इमारतीने केले. इंदुभूषण रॉय यांनी १९१२ मध्ये तेथेच गळफास घेतला. उल्हासकर दत्त यांच्या मनाचा तोल ढळला. १९३३ च्या उपोषणात महावीर सिंह, मोहनकिशोर नमोदास आणि मोहित मैत्र या तिघांनी प्राण दिले.

तथापि ही कथा एकतर्फी नाही. ज्या भिंतींनी माणसे तोडायची होती, त्याच भिंतींवर टकटक करून, बेड्यांचे ठोके देऊन बंदिवानांनी आपली सांकेतिक भाषा तयार केली. कागद-लेखणी नाकारली गेली तेव्हा सावरकरांनी भिंतीलाच पाटी केले, खिळ्या-काट्यांनी ओळी कोरल्या आणि त्या मुखोद्गत करून पुसू दिल्या. भिंतीचा स्वभाव तोडण्याचा होता. माणसांनी तिला जोडण्याच्या कामी लावले. आराखडा कितीही पूर्ण असला तरी माणूस त्यात कोठे तरी फट शोधतो, हा अंदमानचा खरा धडा आहे.

गड, गल्ली आणि कुंपण

परकीय सत्तेचे हे तंत्र तुरुंगापुरते मर्यादित नव्हते. महाराष्ट्राने त्याचा अनुभव अंदमानच्या आधी ऐंशी वर्षे घेतला होता. १८१८ मध्ये पेशवाई संपली आणि इंग्रजांनी सह्याद्रीच्या गडांकडे मोर्चा वळवला. गड पुन्हा कोणाच्या हाती पडून उपयोगाचा होऊ नये, म्हणून अनेक ठिकाणी कातळात कोरलेल्या पायर्‍या सुरुंग लावून उडवल्या गेल्या. आज नाशिक परिसरातील गड चढणारा तरुण जेथे दोराचा आधार घेतो, तेथे एके काळी पायवाट होती. ती निसर्गाने नेली असे त्याला वाटते. कित्येक ठिकाणी ती हुकुमाने गेली आहे. बांधणे हे जसे राज्य करण्याचे साधन, तसेच पाडणे हेही.

१८५७ नंतर दिल्लीत याची पुनरावृत्ती झाली. लाल किल्ल्याभोवतीची दाट वस्ती, हवेल्या आणि प्रार्थनास्थळे पाडून तोफांना मोकळे मैदान करण्यात आले. किल्ल्यातील अनेक महाल जमीनदोस्त झाले आणि त्यांच्या जागी गोर्‍या सैनिकांच्या बराकी उभ्या राहिल्या. लखनौच्या अरुंद, वळणावळणाच्या गल्ल्यांनी इंग्रज सैन्याला दमवले होते. म्हणून कर्नल रॉबर्ट नेपियर याने १८५८ मध्ये शहराचा मोठा भाग कापून रुंद, सरळ रस्ते काढण्याची योजना आखली. याच सुमारास पॅरिसमध्ये हॉसमानचे प्रशस्त मार्ग तयार होत होते. त्यांनी शहराला हवा आणि उजेड दिला हे खरे, पण गल्लीच्या तोंडाशी अडथळे रचून लढणार्‍या जनतेची वाटही त्यांनी बंद केली. रुंद रस्ता पाहून तो कोणासाठी रुंद केला, हा प्रश्न विचारण्याची सवय इतिहासाच्या अभ्यासकाने लावून घ्यावी.

आणि सर्वांत दुःखद उदाहरण सोलापूरचे आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरवले. १९११ च्या सुधारित कायद्यानंतर मुंबई इलाख्यात त्यांच्यासाठी ‘सेटलमेंट’ वसवल्या गेल्या. सोलापूरची सेटलमेंट त्यांतील मोठी. सभोवती काटेरी तारेचे कुंपण, आत कुटुंबे, दररोजची हजेरी आणि बाहेर जाण्यासाठी पास. येथे मनोरा नव्हता, कोठडी नव्हती, कसला गुन्हाही सिद्ध झालेला नव्हता. एका तारेने घर आणि तुरुंग यांतील भेद पुसून टाकला. अंदमानात बंद्याला निदान शिक्षेचा कागद मिळत होता. सोलापुरात मूल जन्मतःच तारेच्या आत असे. देश १९४७ मध्ये स्वतंत्र झाला, पण हा कायदा देशभर रद्द झाला तो ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. सोलापुरात सेटलमेंट हे वस्तीचे नाव आजही बोलण्यात आहे. तार निघाली, नाव राहिले.

नाव राहिले म्हणजे काय राहिले, याचे उत्तर अलीकडेच मिळाले. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तुरुंगांतील जातीवर आधारित कामाची वाटणी घटनाबाह्य ठरवली, कैद्यांच्या नोंदवह्यांतील जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश दिला आणि विमुक्त जमातींना सराईत गुन्हेगार समजणार्‍या तुरुंग नियमांवर बोट ठेवले. कायदा जाऊन बहात्तर वर्षे झाली होती. एवढा काळ ते कुंपण वहीच्या रकान्यांत उभे होते. रकाना आखणे ही देखील एक वास्तुरचनाच आहे. फक्त तिच्या भिंती शाईच्या असतात.

धनी बदलला, वास्तू तीच

यातून एक गंभीर प्रश्न निर्माण होतो. दोष परकीय सत्तेचा की वास्तूचा? परकीय गेले की भिंती निष्पाप होतात काय?

अंदमानचा इतिहास याचे कटू उत्तर देतो. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी अंदमान घेतले आणि इंग्रजांचे राज्य तेथून गेले. पण सेल्युलर जेल रिकामे झाले नाही. हेरगिरीच्या संशयावरून शेकडो भारतीय त्याच कोठड्यांत, त्याच कड्यांमागे गेले. तेथील भारतीयांचे एक अग्रणी, डॉक्टर आणि कवी दिवाणसिंग यांना १९४३ मध्ये त्याच कारागृहात टाकण्यात आले. ३० डिसेंबर १९४३ रोजी नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी त्याच गावात तिरंगा फडकवला. तो क्षण राष्ट्राच्या इतिहासात सुवर्णाक्षरांनी लिहिण्यासारखा आहे. पण त्याच दिवशी दिवाणसिंग भिंतीपलीकडे यातना भोगत होते, आणि ती वार्ता नेताजींपर्यंत पोहोचू नये याची जपान्यांनी दक्षता घेतली. १४ जानेवारी १९४४ रोजी दिवाणसिंग गेले. त्याच महिन्याच्या ३० तारखेला होमफ्रेगंज येथे ४४ भारतीयांना गोळ्या घालण्यात आल्या. इंग्रजांनी आवाज कोंडण्यासाठी बांधलेल्या भिंतींनी नव्या धन्यासाठीही आवाज कोंडला. वास्तू धन्याचा ध्वज पाहत नाही. ती आपले काम करते.

स्वकीयांच्या राज्यातही हा अनुभव आला. पुण्याचे येरवडा कारागृह १८७१ चे. १९३२ मध्ये महात्मा गांधींचे उपोषण आणि पुणे करार त्याच्याच आवारात झाला. १९७५ मध्ये आणीबाणी आली, तेव्हा त्याच तटांच्या आत संघाचे तत्कालीन सरसंघचालक बाळासाहेब देवरस यांच्यासह अनेक विचारांचे स्थानबद्ध चौकशीविना ठेवण्यात आले. समाजवादी होते, सर्वोदयी होते, संघाचे स्वयंसेवक होते. दरवाजा तोच, बुरूज तेच. एप्रिल १९७६ मध्ये दिल्लीच्या तुर्कमान गेट भागात पिढ्यान्‌पिढ्या राहणार्‍यांची घरे बुलडोझरने पाडली गेली आणि विरोध करणार्‍यांवर गोळीबार झाला. कारण सांगितले गेले ते शहराच्या सौंदर्याचे. लाल किल्ल्याभोवतीच्या पाडापाडीला तेव्हा सव्वाशे वर्षेही झाली नव्हती. ज्यांनी आणीबाणी भोगली, त्यांनी तरी हे विसरू नये की घर पाडण्याचा अधिकार न्यायाच्या आधी धावू लागला, तर उद्या त्याच्यापुढे कोणाचे घर उभे असेल हे कोणालाच सांगता येत नाही.

राष्ट्राची वास्तू कशी असावी

नावे बदलणे आवश्यक असते. दिल्लीचा राजपथ २०२२ मध्ये कर्तव्यपथ झाला, पोर्ट ब्लेअरचे २०२४ मध्ये श्रीविजयपुरम् झाले. नाव हे स्वत्वाचे चिन्ह आहे आणि त्याचे महत्त्व कमी लेखण्याचे कारण नाही. पण नामफलकामागची खोली तशीच राहिली तर काम अर्धेच झाले. इंग्रजांच्या कचेरीत प्रजेने कोठे उभे राहायचे हे ठरलेले होते. साहेब उंच चौथर्‍यावर, कारकून जाळीमागे, रयत व्हरांड्यात. आज कोणत्याही तालुक्याच्या कचेरीत जाऊन पाहावे. खिडकी अशा उंचीवर असते की वृद्ध शेतकर्‍याला कमरेत वाकल्याशिवाय आतल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. बाहेर बसायला बाक नसतो, उन्हाला आडोसा नसतो, बाईमाणसाला स्वच्छतागृह सापडत नाही. त्या खिडकीमागील कर्मचारी कदाचित सज्जन असेल. पण खिडकीची उंची त्याच्या सौजन्याच्या आधी बोलते आणि समोरच्याला सांगते, तू प्रजा आहेस. माहितीचा अधिकार २००५ मध्ये मिळाला, महाराष्ट्रात लोकसेवा हक्क कायदा २०१५ मध्ये आला. कायद्याने नागरिक उभा केला. खिडकीने मात्र त्याला अजून वाकवलेलेच ठेवले आहे.

म्हणून उद्याच्या वास्तुविशारदांनी कोणताही नकाशा हाती घेताना चार प्रश्न विचारावेत. येथे कोण कोणाला पाहू शकतो, आणि ज्याच्याकडे पाहिले जाते त्याला पाहणारा दिसतो काय? दाराची कडी कोणत्या बाजूला आहे? थकलेल्या माणसाने बसायचे कोठे? आणि येथून बाहेर पडण्यासाठी कोणाची परवानगी लागते? शाळा असो, वसतिगृह असो, झोपडपट्टी पुनर्वसनाचा मनोरा असो की तुरुंग असो, या चार प्रश्नांची उत्तरे नकाशात आधीच लिहिलेली असतात. तुरुंग समाजाला लागतात, कुलपेही लागतात. पण कोणती कडी सुरक्षेसाठी आहे आणि कोणती केवळ अपमानासाठी, हे ओळखण्याची दृष्टी असल्याखेरीज चांगला नकाशा काढता येत नाही.

सेल्युलर जेलच्या सात चाळींपैकी आज तीन उभ्या आहेत. १९७९ मध्ये त्यांचे राष्ट्रीय स्मारक झाले. तेथे जाणारे यात्रेकरू सावरकरांच्या कोठडीपुढे हात जोडतात, आणि ते उचितच आहे. त्यांनी आणखी एक करावे. शेजारच्या एखाद्या कोठडीत जावे, दार लोटून घ्यावे, गजांतून हात बाहेर काढावा आणि त्या कोनाड्याकडे न्यावा. बोटे आणि कडी यांच्यामध्ये उरणारे अंतर थोडेसेच आहे. ते कोणी तरी मोजून ठेवले होते. पुन्हा कोणाला ते मोजू द्यायचे की नाही, याचा निर्णय स्वतंत्र देशाच्या नागरिकांच्या हाती आहे.